मुडदुशी सांगलीत घ्यायची कशी, ठेवायची कशी आणि किती वेळ शिजवायची

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तेलकट बंद केलं, पण हलका मासा चालेल म्हणाले. कुणीतरी मुडदुशी सुचवली. तुम्ही सांगलीहून किलोभर मुडदुशी विट्याला नेली, पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवली, दोन दिवसांनी नेहमीच्या रश्श्यात सोडली आणि पातेल्यात मासा शोधावा लागला. वरून वासही आला. सासरे म्हणाले, "यापेक्षा आपली नदीतली मरळ बरी." आता तुम्ही विचारताय की चूक घेताना झाली, ठेवताना की शिजवताना.

तिन्हीकडे थोडी थोडी झाली, पण सगळी एकाच जातीची. मुडदुशी बिघडते ती पाण्यानं. पिशवीत साचलेलं पाणी, धुताना मुरलेलं पाणी, मिठानं सुटलेलं पाणी आणि शेवटी रश्श्यात रटरटणारं पाणी. सुरमईला यातलं बरंच खपतं, मुडदुशीला नाही.

माझं माहेर रत्नागिरीचं, मिरकरवाडा बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सांगलीत येऊन 27 वर्षं झाली आणि त्यातली 19 मी मासळीची खानावळ चालवते. तुमच्यावर आला तसाच प्रसंग माझ्यावर लग्नाच्या पहिल्या वर्षी आला होता. भावानं एस.टी.च्या ड्रायव्हरकडे मुडदुश्यांचा डबा दिलेला. मी मोठ्या कौतुकानं तो सासूबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे सुकं खोबरं आणि तीळ भाजले, कांदा-लसूण मसाला हात सैल सोडून घातला आणि मटणासारखी वीस मिनिटं उकळी काढली. रस्सा फक्कड झाला होता. त्यात मासा मात्र नव्हता, नुसते काटे. "तुमच्याकडचा मासा भारीच लाजरा दिसतोय गं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या हसत होत्या, मी मोरीत जाऊन रडले.

मुडदुशीला हॉटेलच्या मेनूकार्डावर लेडीफिश म्हणतात, मुंबईकडे नगली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या तळावर ती राहते, भीती वाटली की वाळूत घुसते. अंगानं लांबट, निमुळती, पाठ फिकट पिवळसर आणि बाजूला चंदेरी. बांगडा-तारलीसारखी अंगात तेल साठवणारी ही जात नव्हे. शंभर ग्रॅम मांसात चरबी दोन-तीन ग्रॅमच्या आतच, प्रथिनं मात्र 18 ते 20 ग्रॅम. म्हणून आमच्याकडे आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला आणि पहिल्यांदा मासा खाणाऱ्या पोराला हीच देतात. सासऱ्यांना किती आणि कधीपासून द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा, त्यात मी पडत नाही.

तेल कमी असण्याची दुसरी बाजूही आहे. बांगडा तव्यावर पाच मिनिटं जास्त राहिला तरी त्याचं तेल त्याला सांभाळून घेतं. मुडदुशीकडे सांभाळणारं कुणी नाही. शिवाय माशाच्या मांसाच्या पाकळ्या ज्या पातळ पडद्यांनी एकमेकींना धरून असतात ते पडदे मटणाच्या शिरांपेक्षा कितीतरी कमी उष्णतेला विरघळतात. मटण मऊ व्हायला तास लागतो तो याच पडद्यांसाठी. मुडदुशीचं तेच काम चार-पाच मिनिटांत होतं, पुढचं प्रत्येक मिनिट तिला मोडतं.

आता ती आपल्यापर्यंत येते कशी ते बघा, म्हणजे बाजारात काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. रत्नागिरीचा माल आंबा घाटातून कोल्हापूर, तिथून सांगली-मिरज, असा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करतो. मालवण-देवगडचा फोंडा किंवा गगनबावड्याच्या बाजूनं कोल्हापुरात चढतो. कराड-साताऱ्याकडे चिपळूणहून कुंभार्ली घाटानं जातो. बंदरावर लिलाव, मग बर्फ भरणं, मग रात्रभर टेम्पो. त्यामुळे सांगलीत सकाळी "आत्ताच उतरलीय" असं कुणी म्हटलं तरी ती टेम्पोतून आत्ता उतरलीय, समुद्रातून नव्हे. पाण्याबाहेर येऊन तिला निदान एक रात्र, बहुतेकदा दोन झालेल्या असतात. यात वाईट काही नाही. बर्फात नीट ठेवलेली दोन दिवसांची मुडदुशी ही उन्हात चार तास पडलेल्या ताज्या मुडदुशीपेक्षा कधीही चांगली. आपण विचारायचं ते "कधीची आहे?" हे नाही, तर "बर्फात कशी होती?" हे. उत्तर विक्रेता देणार नाही, मासा देईल.

पहिली खूण पोट. छोट्या माशात आतड्यातले पाचक रस आधी पोटाची भिंत खातात. पोट घट्ट, गोल आणि बंद हवं. पोटाच्या खालच्या बाजूला कातडी फाटून आतलं डोकावत असेल तर भाव निम्मा केला तरी घेऊ नका. दुसरी खूण कल्ले. झाकण उचलून बघा, लाल हवेत, विटकरी किंवा राखाडी नकोत. त्यांवरचा बुळबुळीतपणा काचेसारखा पारदर्शक असावा, दुधट नको. डोळ्यांवर मात्र एकट्यावर विसंबू नका. सगळे डोळ्याचंच सांगतात, पण बर्फ थेट लागला तरी डोळा पांढुरका होतो आणि मासा आतून उत्तम असतो. तिसरी खूण अंग. डोक्याकडे धरून आडवी उचला. बंदरावरची काठीसारखी सरळ राहते. सांगलीत तेवढी ताठ मिळणार नाही, पण ओल्या चिंधीसारखी लोंबूही नये. बोटानं दाबलेला खळगा भरून यायला हवा.

पाटीतल्या पाण्याकडेही बघा. मुडदुश्या स्वतःच्याच गढूळ पाण्यात तरंगत असतील तर पुढच्या दुकानात जा. माशाच्या अंगातून सारखं पाणी ठिबकतंय, कल्ले धुतल्यासारखे फिके आहेत आणि डोळा आत गेलाय, असं दिसलं तर तो गोठवून सोडवलेला माल आहे. तो खाऊ नये असं नाही, पण ताज्याचा भाव द्यायचा नाही आणि घरी नेऊन पुन्हा फ्रीजरला घालायचा नाही. आणखी एक, कधी कधी ढिगात छोट्या बोया मिसळलेल्या असतात. बोयचं डोकं बसकं आणि रुंद, मुडदुशीचं शंकूसारखं टोकदार. बोयही वाईट नसते, पण ती वेगळ्या भावाची आणि वेगळ्या चवीची.

एकदा मीही फसलेय. खानावळीला रोज लागते म्हणून एका व्यापाऱ्याकडून थर्माकोलचा अख्खा डबा घेत असे. वरचा थर बघायची, कौतुक करायची, पैसे द्यायची. एका रविवारी डबा उपसला तर खालचे दोन थर बर्फाच्या पाण्यात बुडून पिठूळ झालेले. त्यानं फसवलं की त्याच्या टेम्पोवाल्यानं भोक बुजलेला डबा भरला, देव जाणे. तेव्हापासून मी डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मुडदुशी वर काढते. लोक हसतात. तुम्हीही ढिगाच्या खालची मागा. विक्रेता नाराज झाला तर तेही उत्तरच समजा.

आकाराचं गणित साधं आहे. वीतभर मुडदुशी साठ-सत्तर ग्रॅमची भरते, म्हणजे किलोत चौदा-सोळा. याहून मोठ्या महाग आणि दिसायला छान, पण आजाऱ्यासाठी वीतभरच घ्या. त्या सारख्या शिजतात. बोटाएवढ्या चिंगुळक्या घेऊ नका, निम्मा मासा साफ करण्यातच जातो. डोकं, खवले आणि पोट वजा केलं तर किलोतलं साधारण दोन-तृतीयांश हातात येतं. चौघांना अर्धा-पाऊण किलो पुरे.

वाराबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात. खप बुधवार, शुक्रवार आणि रविवारचा. रविवारी माल ताजा असतो पण भाव चढा. सोमवारी स्वस्त मिळते ती रविवारची उरलेली. मी घरासाठी बुधवारी सकाळी घेते. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा सांगलीत दिसणारी सुरमई-पापलेट बहुतेक बर्फखान्यातली. पण बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना मुभा असते आणि मुडदुशी खाडीच्या तोंडाशी, गरीला नाहीतर लहान जाळ्याला लागणारी. म्हणून पावसाळ्यात थोडी का होईना पण ताजी मुडदुशी घाटावर येते. ऑगस्टात बोटी सुटतात तेव्हा नेमका श्रावण असतो, गिऱ्हाईक कमी, भाव उतरलेला. श्रावण न पाळणाऱ्यांची तेव्हा चैन असते, हे मी सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून सांगतेय.

सांगलीहून विट्याला जायला दीड तास धरा, मधे चहा-भाजी धरली तर दोन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दोन तास प्लॅस्टिकच्या पिशवीत म्हणजे मासा अर्धा गेलाच. घरून झाकणाचा स्टीलचा डबा आणि जाड टॉवेल घेऊन या. दुकानात बर्फाचा चुरा मागा. माशाइतकाच बर्फ हवा, किलोला किलो, उन्हाळ्यात थोडा जास्तच. बर्फ आधी खाली, मग मासा, मग वरून बर्फ. मासळी ही बाजारातली शेवटची खरेदी. साफ करून घ्यायची असेल तर खवले आणि पोट काढून घ्या, तुकडे करू नका. जितके काप तितक्या वाटांनी पाणी आत शिरतं.

आता फ्रिज. इथे सगळ्यांचाच गैरसमज असतो की फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे टिकलं. दूध टिकतं, मासा नाही. वितळत्या बर्फात म्हणजे शून्य अंशाला मासा एका दिवसात जेवढा उतरतो, त्याच्या सव्वादोन पट वेगानं तो पाच अंशाला उतरतो आणि दहा अंशाला चौपट वेगानं. घरच्या फ्रिजचा मधला कप्पा चार-पाच अंशाला असतो, दार सारखं उघडणाऱ्या घरात त्याहून वर. म्हणजे तुमच्या पिशवीतल्या मुडदुशीनं दोन दिवसांत चार-पाच दिवसांचं वय गाठलं, तेही स्वतःच्याच पाण्यात बसून. मासा नासवणारे जिवाणू थंडीतही वाढतात, ते फ्रिजमध्ये गारठून बसत नाहीत.

उपाय सोपा आहे, नवं काही विकत घ्यावं लागत नाही. मोठ्या पातेल्यावर पीठ चाळायची स्टीलची चाळणी ठेवा. चाळणीत बर्फाचा थर, त्यावर पातळ ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मुडदुश्या, पोटं खाली, वरून पुन्हा बर्फ आणि झाकण. बर्फ वितळला की पाणी पातेल्यात पडतं, मासा कोरड्या थंडीत राहतो. सकाळ-संध्याकाळ पाणी ओता, बर्फ बदला. अशी ठेवलेली मुडदुशी दुसऱ्या दिवशी दुपारी केली तरी मी गिऱ्हाइकाला वाढते. तिसऱ्या दिवशी नाही. माशाला पुरेल इतका बर्फ फ्रिजमध्ये बनत नसेल तर तुम्ही जास्त मासा आणलाय, शेजारी वाटून टाका.

फ्रीजरबद्दल माझं मत कडक आहे. कारखान्यात मासा काही मिनिटांत गोठतो, आपल्या फ्रीजरमध्ये काही तासांत. सावकाश गोठताना पाण्याचे मोठे, टोकदार खडे होतात आणि ते मांस आतून फाडतात. मग सोडवताना पाणी गळतं ते त्या जखमांतून. तेलकट माशाला फ्रीजरमध्ये खवट वास लवकर लागतो. मुडदुशीला तो तेवढा लागत नाही, पण ती कोरडी आणि कापसासारखी होते. गोठवायचीच असेल तर आणल्या दिवशीच गोठवा. साफ करून, पुसून, ताटात एकमेकींना न लावता आडव्या मांडा. कडक झाल्या की बर्फाच्या पाण्यात एकेक बुडवून पुन्हा ठेवा. अंगावर बर्फाचं काचेसारखं कवच येतं, त्यानं मांस सुकत नाही. मग एका वेळेला लागतील तेवढ्याच एका पिशवीत घाला आणि हवा दाबून काढा. दोन महिन्यांत संपवा. सोडवायची तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीतच. नळाच्या पाण्याखाली किंवा ओट्यावर उघडी नको. तव्यावर करायची असेल तर अर्धवट सुटलेली सरळ तव्यावर टाकली तरी चालते, उलट कमी मोडते.

आणि वीज. आपल्याकडे वळवाच्या पावसात रात्री दोन-तीन तास जाते आणि आपल्याला कळतही नाही. फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. सकाळी नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर रात्री सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो मासा टाकून द्यायचा, वास घेत बसायचं नाही.

वासाचं आता सांगते, कारण तुम्ही धुण्यात तिथंच चुकलात असं मला वाटतं. आपण घाटावरची माणसं नदीचा मासा हळद-मीठ चोळून, पिठानं घासून तीन-चार पाण्यांनी धुतो. कटला-चिलापीला जो चिखलाचा वास असतो त्यासाठी ते ठीक आहे. समुद्राच्या माशाची गोष्ट वेगळी. खाऱ्या पाण्यात तग धरायला त्याच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि आपण ज्याला "माशाचा वास" म्हणतो तो तयार होतो. ताज्या मुडदुशीला हा वास जवळजवळ नसतोच, ओल्या वाळूसारखा नुसता समुद्राचा गंध असतो. झालेला वास पाण्यानं जात नाही, आंबटानं दबतो. म्हणून कोकणात आमसूल, आगळ (कोकमाचा आंबट रस), कैरी, लिंबू. हे नुसत्या चवीचे चोचले नव्हेत. पण वास नाकात मारत असेल तर आंबटानं तो लपवू नका, मासा टाका.

तर मुडदुशी धुवायची एकदाच. खवले शेपटीकडून डोक्याकडे सुरीच्या पाठीनं काढा, पर कापा, पोट चिरून आतडी काढा. आत कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ असते. ती अंगठ्याच्या नखानं ओरबाडून काढा, कडवटपणा आणि अर्धा वास त्यातच असतो. मग थंड पाण्यात चमचाभर मीठ घालून त्यात एक बुचकळी आणि लगेच स्वच्छ फडक्यानं आत-बाहेर पुसायची. पुसणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. माझ्या खानावळीत नवी मुलगी आली की पहिला आठवडा ती फक्त पुसायलाच शिकते.

हळद-मीठ लावायचं ते करायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं. सकाळी लावून संध्याकाळी करू नका, मीठ पाणी ओढून घेतं. लिंबू तर आधी नकोच. आंबटानं मांस वरून पांढरं पडून भुसभुशीत होतं. तळायच्या मुडदुशीला आगळाचा एखादा चमचा चालतो, तोही दहा मिनिटंच.

सासऱ्यांसाठी पहिल्यांदा करायची ती वाफवून आणि त्यासाठी तुमच्या भागात अशी वस्तू आहे की कोकणातल्या बायकांना हेवा वाटावा. हळदीचं पान. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पेठेत तिचे सौदे होतात, पण पानाला इथं कुणी विचारत नाही. कोकणात पातोळ्यांसाठी परसात चार रोपं जपतात, इथं एकरच्या एकर उभं असतं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पान हिरवंगार आणि रुंद असतं, पुढे काढणीच्या आधी वाळतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, फवारणी झालेली नाही हे पक्कं करून दोन पानं घ्या. धुऊन पुसा आणि मधली जाड शीर लाटण्यानं दाबून मऊ करा. पुसलेल्या मुडदुशीला मीठ, चिमूट हळद, थोडं आलं, ठेचलेली कोथिंबीर आणि अर्धी हिरवी मिरची लावा. मिरची डॉक्टरांनी वर्ज्य केली असेल तर फक्त आलं. पानात गुंडाळून मोदकाच्या चाळणीवर झाकण लावून आठ ते दहा मिनिटं वाफवा. पान उघडल्यावर वर चार थेंब लिंबू. तेलाचा एक थेंब लागत नाही. पान नसेल त्या महिन्यात केळीचं चालतं, पण त्याला तो गंध नाही.

दुसरं कालवण. इथे एक मेख आहे. मासा हलका म्हणून आपण खूश होतो आणि नारळाचं दाट वाटण घालून कालवण जड करून ठेवतो. चरबी माशातून नाही तर खोबऱ्यातून पोटात जाते. म्हणून सासऱ्यांच्या कालवणाला दाटपणा तांदळानं आणा. पाव किलो मुडदुशीला दोन चमचे भिजवलेले तांदूळ, एकच मोठा चमचा ओलं खोबरं, एक चमचा धने, बिया काढलेली एक ब्याडगी, पाव चमचा हळद आणि छोट्या कांद्याची चतकोर फोड, हे गंधासारखं बारीक वाटा. दीड-दोन वाट्या पाणी घालून आधी नुसतं वाटण सात-आठ मिनिटं उकळा, कच्चट वास जाऊ दे. मीठ आणि दोन-तीन आमसुलं घाला. आता गॅस बारीक. उकळी बसली, पृष्ठभाग नुसता हलतोय असं झालं की मुडदुश्या एकेक सोडा, एकावर एक नको. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. पळी घालायची नाही. ढवळावंसं वाटलं तर पातेलं फडक्यानं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवायचं. पाठीच्या जाड भागात सुरीचं टोक घातलं आणि मांस काचेसारखं न राहता पांढरं दिसलं, काट्यापासून सहज सुटलं की बंद. दहा मिनिटं तसंच झाकून राहू दे, आंबट तेव्हा मुरतं. वाढताना तव्यावरच्या उलथन्यानं उचला.

घरातले बाकीचे म्हणतील, हे काय पांचट! त्यांच्यासाठी तळा. पुसलेल्या मुडदुशीला मीठ, हळद, लाल तिखट आणि आगळ. दहा मिनिटांनी तांदळाची पिठी आणि बारीक रवा निम्मा-निम्मा घेऊन त्यात घोळवा, वरचं झटका. जाड थर म्हणजे मासा वाचवला असं नव्हे, ते भजं झालं. लोखंडी तवा चांगला तापू दे, तेल पसरा आणि मुडदुशी ठेवल्यावर तीन मिनिटं तिला हात लावू नका. खालची बाजू धरली की ती आपणहून तवा सोडते. आधी खरवडली तर कातडी तव्याला आणि मांस ताटाला. उलटून दोन मिनिटं, झालं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही इतकी जमते की मी माहेरी गेले तरी भाकरी करायला लावते आणि तिथले मला घाटी म्हणून चिडवतात.

कांदा-लसूण मसाल्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. तो मसाला मला जीव की प्राण आहे. अंड्याला, वांग्याला, मटणाला, अगदी मरळीलाही तो शोभतो. मुडदुशीला घालू नका. तिची चव दबक्या आवाजात बोलणाऱ्या माणसासारखी आहे, मसाला ढोल वाजवत आला की तिचं काहीच ऐकू येत नाही. मग इतके पैसे मोजून मुडदुशी कशाला आणायची? तिरफळही बांगड्याला ठेवा.

सासरे मरळीचं म्हणाले ते मात्र अगदीच चुकीचं नाही. मरळीचं मांसही पांढरं, कमी चरबीचं आणि तीही आजारातून उठलेल्यांना देण्याची जुनी रीत आहे. ती हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे टबात जिवंत मिळते. दोन दिवसांच्या प्रवासाचा प्रश्नच नाही. मुडदुशी पोट फुटलेली दिसली आणि शेजारी जिवंत मरळ असली तर मी बिनदिक्कत मरळ घेईन. समुद्राचंच हवं असेल तर लेप किंवा लहान पापलेट घ्या. बोंबीलही हलका, पण त्याच्या अंगात इतकं पाणी की घाटावर तो आपल्यापर्यंत क्वचितच धड येतो. त्याचा लगदा झाला तर पुन्हा मला विचारू नका, तो तसाच असतो.

शेवटचं काट्यांचं. मुडदुशीत बारीक काटे कमी, तरी म्हाताऱ्या माणसाला अख्खी वाढू नका. शिजलेली मुडदुशी ताटात आडवी ठेवा, पाठीवरून चमच्याच्या कडेनं डोक्यापासून शेपटीपर्यंत रेघ ओढा, वरचा अर्धा भाग बाजूला सरकतो. मग शेपटीला धरून कणा हळूच वर उचला, डोक्यासकट अख्खा निघतो. पोटाकडच्या फासळ्या मात्र मांसात राहतात. तेवढ्या बोटानं चाचपून काढा आणि मगच मऊ भाताबरोबर कालवून द्या. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पहिल्या दिवशी एकच. रात्र नीट गेली तर दुसऱ्या दिवशी दोन.